सुधारित स्वागतगीत

संकट कितीही मोठं असो, ते पाहायला कोणी आलं नाही तर त्याला संकट म्हणता येत नाही.

फुलसावंगीच्या अलीकडच्या त्या गावाला ही अडचण कधी आलीच नाही. कापसाचा भाव पडला त्या साली तिथं पाऊस कमी आणि समित्या जास्त पडल्या. प्रत्येक समिती सकाळी यायची ठरे आणि दुपारी येई (मधे तिचं जेवण होई, उपाशीपोटी शेतीचा विचार करता येत नाही). तोवर नववीच्या पोरी मैदानात स्वागतगीत घेऊन उन्हात उभ्या. मग गाणं, भाषण, टाळ्या, नारळ आणि जाणाऱ्या गाड्यांची धूळ, याच क्रमानं.

अशा निर्दोष व्यवस्थेत एकच दोष होता: तुळसाबाई. शाळेची खिचडी शिजवणारी ही बाई प्रत्येक पाहुण्यासमोर हात वर करी. "साहेब, एक इचारू का?" लगेच मुख्याध्यापक भगवानराव सर हार्मोनियमकडे पाहत आणि पोरी पुढचं कडवं उचलत.

पुढच्या रांगेत खणखणीत आवाजात गाणारी मैत्रेयी ही तुळसाबाईचीच पुतणी. तिचं दुःख वेगळं होतं. पायथागोरसचं प्रमेय दिवाळीपासून अर्धवट पडलेलं. जरा सिद्ध व्हायला लागलं की समिती येई. तेव्हा तिनं ठरवलं: गाणं एकदाच रेकॉर्ड करायचं, पाहुण्याचं नाव फक्त बदलायचं.

वरातीचे डीजे मिक्स करणाऱ्या गुलाबसिंगभाऊंच्या दुकानात ती सॉफ्टवेअर शिकायला बसली.

"हे काप, हे चिटकव," भाऊ म्हणाले, "अन् सेव्ह करत राहाजो पोरी, लाईन कवा जाईन नेम नाही."

पोरगी भलतीच तरबेज निघाली. 'साहेब' हा शब्द तिनं तीन प्रतींत तयार ठेवला: तालुक्याचा साधा, मुंबईचा लांबवलेला आणि दिल्लीचा घुमणारा, एको लावलेला. शेवटी एक्स्पोर्टचं बटण. (निर्यातबंदी तेव्हा कापसावर होती, गाण्यावर नव्हती.)

फक्त रेकॉर्डिंग मैदानातच, एका समितीसमोर झालं आणि माईक तुळसाबाईजवळ होता, त्यामुळे तिचा प्रश्न त्यात आला. तोही, इतिहासात पहिल्यांदाच, पूर्ण.

भगवानराव सरांनी कानाला हेडफोन लावून निर्णय दिला, "गाणं उत्तम. पण इथं जरा खरखर आहे."

"खरखर काढाचं बटण हाये ना!" गुलाबसिंगभाऊ म्हणाले.

मैत्रेयीचं बोट माऊसवर अडलं. मग तिला ऊन आठवलं. दाबलं बटण.

"मैत्रे, माहा आवाज कुठी गेला वं?" संध्याकाळी तुळसाबाईनं विचारलं.

"मशीनले तो नॉईज वाटला, मोठी माय."

"मंग मशीन लय शिकलेली दिसते."

प्रयोग कमालीचा यशस्वी झाला. स्पीकर गात राहिला, पोरी वर्गात बसल्या, प्रमेय सिद्ध झालं. पुढं टाळ्याही ट्रॅकवर घेतल्या. मग असं लक्षात आलं की सगळ्या पाहुण्यांचं भाषण एकच आहे, म्हणून त्याचंही एक कायमस्वरूपी मिक्स झालं. साहेब गाडीत बसून काच दोन बोटं खाली करत, स्वतःचं भाषण ऐकून मान डोलावत आणि जात. वेळ वाचला, डिझेल वाचलं. (ऐंशी टक्के पाहुण्यांना भाषण आपलंच वाटलं, उरलेल्यांना आपल्यापेक्षा बरं वाटलं.)

सगळे खूश. तुळसाबाई मात्र खिचडी ढवळताना बोलेनाशी झाली, आणि ते मैत्रेयीला उन्हापेक्षा जास्त लागू लागलं.

दिल्लीचं पथक यायच्या आदल्या दिवशी ती गुलाबसिंगभाऊंकडे गेली. मूळ फाईल उघडली, प्रश्न शोधला, आवाज दुप्पट केला, वर दिल्लीचा एको चढवला. भाषण संपतं आणि टाळ्या सुरू होतात त्या दोहोंच्या मधे बसवला, म्हणजे कोणाला चुकवताच येऊ नये.

दुसऱ्या दिवशी प्रश्न असा घुमला की लिंबाच्या झाडावरचे कावळे उडाले. भगवानराव सरांनी सवयीनं हार्मोनियमकडे पाहिलं, पण पोरी वर्गात होत्या. पथकानं काच पूर्ण खाली केली.

आणि मग, ट्रॅकच्या नियमाप्रमाणे, टाळ्या वाजल्या.

टाळ्या ऐकून पथकानंही वाजवल्या. अहवालात नोंद झाली: 'स्थानिक महिलेने सुरेल मनोगत व्यक्त केले.'

"आयकलं ना पण त्याईनं?" तुळसाबाईनं विचारलं.

"आयकलं, मोठी माय," मैत्रेयी म्हणाली. "आवडलं त्याईले."

प्रश्न नेमका काय होता, हे पथकातल्या एकानंही विचारलं नाही. इथपर्यंत वाचत आलात, दोनचारदा हसलातही, तरी तुम्हालाही तो विचारायची आठवण झाली नाही. हरकत नाही. तुमच्यासाठी टाळ्यांची फाईल वेगळी एक्स्पोर्ट करून ठेवली आहे.