साळुंखेकाका वर बघतात

साळुंखेकाका तुमच्या घरी आले की आधी छताला नमस्कार करतात. म्हणजे हात तुमच्याकडे जोडलेले असतात, पण नजर वर. यजमानाला वाटतं, आपल्या डोक्यावर पाल आहे. मग काकांचा पहिला प्रश्न येतो, "याच्या पाठीवर काय पांघरलंय?"

हा प्रश्न फॉल्स सीलिंगमधल्या दिव्याबद्दल असतो. आमच्या नेरूळमध्ये हल्ली या दिव्यांशिवाय घर पुरं होत नाही. छताला गोल भोकं, भोकांत दिवे, आणि पाहुण्यानं "वा" म्हणायचं. काका "वा" म्हणत नाहीत, स्टूल मागतात. विमा कंपनीतली त्यांची सगळी नोकरी आगीचे दावे तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, काका छताला लागले.

त्यांचे नियम अख्ख्या सोसायटीला पाठ आहेत. दिव्याच्या मागे मोकळी हवा हवी. त्यावर थर्माकोल नको, कापूस नको. होल्डरवर लिहिलंय त्याहून जास्त वॅटचा बल्ब नको. वायर त्याच्या गरम अंगाला टेकायला नको. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी हे सगळं गुरुजींना ऐकवलं आणि हॉलमधले दिवे बंद करायला लावले. खाली होम धडाडून पेटलेला. त्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ती आग दिसते ना."

एकदा आम्ही शेजारच्या इमारतीत सांत्वनाला गेलो होतो. काका कोचावर बसले आणि टक लावून वर बघू लागले. घरच्यांना वाटलं, गेलेल्या माणसाला शोधतायत. बिचाऱ्या वहिनीही डोळे पुसत वर बघू लागल्या. बराच वेळ गेल्यावर काका हळू आवाजात म्हणाले, "वर कापूस भरलाय का हो?"

इथवर सगळी गंमत होती. पण हाच प्रश्न त्यांनी मुलीच्या, मनीषाच्या नव्या घरात, तिच्या सासूसासऱ्यांसमोर विचारला. घणसोलीत टॉवरचा सगळ्यात वरचा मजला. दिवे महागाचे, पिवळ्या उजेडाचे हॅलोजन. जावयाचा चेहरा पडला, छत करणारा डेकोरेटर तिथेच होता, तो बोलायला लागला, काका त्याच्यावर चढले. मनीषानं बोलणं तोडलं. पहिल्या बाळंतपणालाही ती माहेरी आली नाही. काकूच तिकडे जाऊन राहिल्या. काका घरात एकटे.

बारशाचं बोलावणं आलं ते एका अटीवर, बाबांनी वर बघायचं नाही. काकांनी शब्द दिला आणि सोबत मला आणि माझ्या बायकोला नेलं.

काय मान खाली घातली होती हो त्यांनी! नव्या नवरीनं शिकावं. विहीणबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, किती नम्र झालेत. पाळणा सजला, गाणं सुरू झालं, आणि काकांनी माझं मनगट धरलं.

"सतीश, पाळण्याच्या वर बघ. मी शब्द दिलाय, तू नाही दिलास."

मी बघितलं. दिव्याभोवती पांढऱ्या छतावर तपकिरी कडं होतं, चहाच्या कपानं उमटावं तसं. मी ते त्यांच्या कानात सांगितलं. काकांनी माझं मनगट सोडलं. मग ते उठले, जमिनीकडे बघतच भिंतीपाशी गेले आणि भर गाण्यात दिवा बंद केला.

गाणं थांबलं. मनीषाचे डोळे भरून आले. "बाबा, तुम्ही शब्द दिला होता."

"मी नाही बघितलं गं. सतीशनं बघितलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बर्फीकडे.

जावई चिडून स्टूलवर चढायला निघाला. काकांनी त्याला अडवलं, आधी पाळणा बाहेर न्यायला लावला, दिवा निवू दिला. मग जावयानं दिवा खाली ओढला. वर, उन्हाचा ताप लागू नये म्हणून डेकोरेटरनं थर्माकोलचा थर अंथरला होता. दिव्यापाशी तो वितळून काळा पडला होता. जावई स्टूलवर तसाच उभा राहिला. बारसं दुसऱ्या खोलीत झालं, खिडकीच्या उजेडात.

परतताना बायको तिच्या बहिणीकडे उतरली. गाडीत काका आणि मी. पामबीच रोडला लागल्यावर मी त्यांचं कौतुक सुरू केलं. त्यांनी हातानंच थांबवलं.

"मनीषा पूर्वी फोन करायची तेव्हा विचारायची, बरे आहात ना? मी म्हणायचो, बरा आहे. पुढे काय बोलायचं असतं, मला सुचत नाही रे. दिव्यांचं काढलं की निदान भांडायची तरी. तेवढाच वेळ ती फोनवर असायची."

मी गाडीचा वेग कमी केला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला. "बाबा," मनीषा म्हणाली, "स्वयंपाकघरातल्या दिव्यांचं काय करायचं?"

उत्तर एका वाक्याचं होतं. सगळे काढ, एलईडी बसव, वर काही अंथरू नकोस. पण काकांनी घसा साफ केला आणि पहिल्या नियमापासून सुरुवात केली. मनीषा प्रत्येक नियमाला "हं" म्हणत होती. मधूनच बाळाचा आवाज येत होता. मग काका थांबत आणि तोच नियम पुन्हा सांगत. तीही पुन्हा "हं" म्हणे.

आमच्या सोसायटीचं गेट आलं. मी गाडी तशीच पुढे नेली.