राखेची ऑर्डर

माझा मेहुणा बबन राख चाखून बघायचा. चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "बाभळ हाय. शेणी मिसळल्यात." मग थुंकायचं. लग्न केलं नाही, टोमॅटोच्या मार्केटात मापाडी म्हणून राबला आणि पन्नाशीत इंटरनेटवर दुकान काढलं.

गाव आमचं बोरी बुद्रुक. नदीच्या दरडीत फार जुनी राख आहे, कुठल्याशा ज्वालामुखीची म्हणतात. ती बघायला लांबून शिकलेली माणसं येतात आणि पिशव्या भरून नेतात. गावाने ते पाहिलं आणि सोडून दिलं. बबनने पाहिलं आणि ठरवलं, राखेला गिऱ्हाईक आहे.

नारायणगावात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या शेख सरांकडून त्याने वेबसाइट करून घेतली. माल सगळा निसर्गाला धक्का न लावणारा, आणि सगळा दुसऱ्याकडून घेतलेला. रिठे, अंग घासायला वाळलेली घोसाळी, पळसाच्या पत्रावळी आणि भांड्यांना चुलीची राख. राख आमच्या घरची. पोराने गॅस आणून दिला होता, पण आमच्या मंडळींची भाकरी चुलीवरच. बबन तिचा धाकटा भाऊ. रोज सकाळी पोतं घेऊन दारात. "अक्का, गार झाली का?" ती राख वस्त्रगाळ करून द्यायची आणि वर विचारायची, भाऊ राख विकतो हे सांगू कुणाला? तो म्हणायचा, "ऑनलाइन हाय, अक्का. ऑनलाइनला लाज नसती."

प्लास्टिकचा त्याला लई राग. राख कागदाच्या पुड्यात, वरून सुतळी. एकदा कुरियरच्या गाडीत पुडा फुटला आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिका करड्या झाल्या. कुरियरवाला दारात येऊन नको ते बोलला. बबनने त्याला मूठभर रिठे दिले, शर्ट धुवायला.

तरी खपायची ती राखच. बाकी माल त्याच्या घरात पडून.

मग ही गेली. पोटाचं दुखणं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. नदीवर राख सावडायला गेलो तर बबन लांब उभा राहिला. हात लावला नाही. भावकी कुजबुजली.

पोरगा म्हणाला, पुण्याला चला. मी नाही म्हटलं. चूल पेटवली नाही. गॅसवर चहा करायचा, त्यात बेकरीतलं बटर बुडवायचं, झालं जेवण. एकट्यासाठी पीठ कोण मळतो? जगायची फार हौस नव्हती, सरळ सांगतो.

तेरावं झालं आणि बबन पोतं घेऊन हजर.

"दाजी, बंगलोरची ऑर्डर हाय. राख पायजे."

मी म्हणालो, लाज वाटते का? चूल बंद आहे.

"मंग पेटवा. गिऱ्हाईक थांबलंय."

त्याला घालवायचं म्हणून पेटवली. जाळ वाया कशाला, म्हणून भाकरी थापली. बबनने ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि विचारलं, हिला कोपरे कशे आले? केली म्हणून खाल्ली. दुसऱ्या दिवशी हैदराबाद निघालं, मग नागपूर. रोज उठून चूल. बहीण जाऊन महिना नाही झाला आणि याला धंदा सुचतो, असं मी चार लोकांत बोललोसुद्धा.

एका बाजाराच्या दिवशी नारायणगावात शेख सर भेटले. म्हणाले, बबनरावांना समजवा जरा. तेवढी राख जात होती, तीच दुकानातून काढून टाकली.

मी विचारलं, कधी?

"चाची गेल्या त्याच आठवड्यात. म्हणाले, सर, आता राख विकवत न्हाई."

"मग ह्या ऑर्डरी?"

"कसल्या ऑर्डरी, चाचा? दुकान बंद पडल्यातच जमा आहे."

जीपने घरी आलो.

सकाळी बबन आला. बघत होता दुसरीकडेच.

"दाजी, दिल्लीची ऑर्डर हाय. मोठी हाय."

"राख किती लागंल?"

तो जरा अडखळला. "दोन भाकरी व्हतील एवढा जाळ पुरं."

मी परातीत पीठ घेतलं. हात जरा सैलच सोडला.

"दिल्ली मोठी हाय," मी म्हणालो. "चार करू. पोतं ठेव तिकडं अन् हात धू."