मुंग्यांचा शेरा

साखर ही साखरेचा डबा सोडून सगळीकडे सापडते, हे आता सर्वमान्य आहे.

नांदेडचे निवृत्त हेडक्लार्क साहेबराव यांच्या घरी तर सहा महिन्यांपासून त्या डब्यात पत्नी पार्वतीबाईंची बटणं होती. तरी रक्तातला आकडा उपाशीपोटी दोनशे साठ. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबणीवर टाकलं. "आधी दीडशेखाली आणा. काय कशात आहे ते पाकिटामागं लिहिलेलं असतं, वाचत जा."

साहेबरावांना पेच तात्काळ कळला. पाकीट वाचायला डोळा पाहिजे, डोळ्याला ऑपरेशन पाहिजे, ऑपरेशनला साखर उतरली पाहिजे आणि साखर उतरवायला पाकीट वाचलं पाहिजे. (छत्तीस वर्षांत त्यांनी अशा कैक फायली गोल फिरवल्या होत्या. आत बसून फिरायचा योग पहिलाच.)

वाचनाचं काम आधी नात लुंबिनीकडे गेलं. पण ती पेपर वाचून दाखवताना निधनवार्ता गाळायची. त्यामुळे चार महिन्यांत साहेबरावांच्या ओळखीचं एकही माणूस वारलं नव्हतं. अशा वाचकाचा भरवसा काय?

"आबा, माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलंय. मंग डेक्स्ट्रोज, मंग इन्व्हर्ट सिरप..."

"साखर हाय का न्हाई, तेवढं सांग."

"साखर असं तर कुठंच न्हाई लिहिलं." (तिघंही साखरेचेच भाऊबंद, नाव बदलून राहणारे.)

सबब मुंग्यांची नेमणूक झाली. मुंगीला अक्षरओळख नसते, त्यामुळे तिला छापील मजकुरानं फसवता येत नाही. काळ्या मुंग्या घेतल्या. (तांबड्या अर्ज न करताच हजर झाल्या होत्या, वर्तणूक पाहून परत पाठवल्या.) खिडकीत बशी, बशीत चिमूटभर माल, समोर घड्याळ घेऊन पार्वतीबाई.

निष्कर्ष थरारक निघाले. सॉस, चार मिनिटं. पाकिटातला चिवडा, सात. चहासोबतचा टोस्ट, तीन. खोकल्याच्या औषधाला मुंग्या लेकराबाळांसकट आल्या. 'मधुमेहींसाठी खास' असं छापलेल्या बिस्किटाला दोन मिनिटंही लागली नाहीत. पाकीट फोडेपर्यंत रांग लागली होती. ज्वारीच्या भाकरीकडे दोन दिवस कुणी फिरकलं नाही. ठेच्याकडे एक मुंगी गेली; ती पुन्हा कामावर रुजू झाली नाही.

तेव्हापासून साहेबरावांच्या ताटात भाकर, ठेचा आणि फिकं वरण. महिन्यानं आकडा आला दोनशे अठरा.

साहेबराव भडकले. "या घरात कुणीतरी मला चोरून गोड खाऊ घालून राहिलंय! चौकशी बसवतो!"

"बसवा की," पार्वतीबाई म्हणाल्या. "तुमच्याच मुंग्या हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी लुंबिनी ओरडली, "आजी, रांग बघ!"

रांग खिडकीतून निघाली होती. स्वयंपाकघराकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ बैठकीच्या खोलीत आली, भिंत चढली, खुंटीवरच्या साहेबरावांच्या सदऱ्यात शिरली आणि वरच्या खिशात तिनं मुक्काम टाकला. खिशात चिक्की होती, वजिराबादच्या बाजारातून आणलेली, अर्धी खाल्लेली.

साहेबराव हेडक्लार्कच्या आवाजात म्हणाले, "ती गुळाची हाय. गूळ म्हंजी साखर न्हवं."

"मला कशाला सांगता?" पार्वतीबाई सदरा झटकत म्हणाल्या. "त्यांना सांगा."

दीड महिन्यानं आकडा एकशे सेहेचाळीस आला आणि ऑपरेशन पार पडलं. पट्टी निघताच साहेबरावांनी जुने पेपर मागवले. ओळखीचे अकरा जण एका बैठकीत वारले. मग त्यांनी मोठ्या उत्साहानं बिस्किटाचं पाकीट उलटं केलं, दिव्याखाली धरलं, जवळ आणलं, लांब नेलं.

"लई बारीक हाय गं," ते म्हणाले आणि पाकीट खिडकीत ठेवलं.

वाचकहो, तुमचं तसं नाही. तुमचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, इथवर तर सहज वाचत आलात. तेव्हा चहासोबत आत्ता जे तोंडात आहे, त्याचं पाकीट उलटं करून एकदा वाचायला हरकत नसावी. नको? राहू द्या. नुसतं मागं वळून भिंतीकडे बघा, रांग कुठवर आली आहे ते.