बॅक्टेरियाच्या घरातला स्विच

तीस वर्षं मी लोकांच्या घरांत स्विच बसवतोय. बॅक्टेरियाच्या घरात एक बसवायचा, त्यात काय एवढं! पहिल्याच दिवशी वर्गात मी हे मोठ्याने बोललो आणि तिथेच माशी शिंकली.

वर्ग माझ्याच लेकीचा. विज्ञान संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, संध्याकाळी, तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी. विद्यार्थी चौघे: बेकरीवाले, निवृत्त पोस्टमास्तर, ब्यूटी पार्लरवाल्या ताई आणि मी इलेक्ट्रिशियन.

"बाबा, इथे मला मॅडम म्हणायचं," तिने दारातच तंबी दिली.

"बरं गं बाळ," मी म्हणालो. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत!

काम मात्र ऐकाल तर थक्क व्हाल! डीएनएचे भाग आपण स्वतः कॉम्प्युटरवर जुळवायचे, ते एका गोल कड्यात बसवायचे आणि ते कडं निरुपद्रवी बॅक्टेरियात सोडून त्यांना गुलाबी करायचं. भाग तीन. आधी स्विच, साखर मिळाली की तो चालू होतो. मग गुलाबी रंगाचा जीन, म्हणजे आपला बल्ब. शेवटी स्टॉप, म्हणजे 'इथे वाचन थांबवा' अशी पाटी.

मला रात्र-रात्र झोप येईना! आयुष्यभर भिंती फोडून वायरी ओढल्या, आता जिवंत प्राण्यात वायरिंग!

"बाबा, तुमचा आराखडा दाखवा, तपासते," लेक म्हणाली.

"पोरीने बापाचं वायरिंग तपासायचं?" मी कागद पाठीमागे लपवला आणि आराखडा डीएनए बनवणाऱ्या कंपनीला परस्पर पाठवून दिला. दोन आठवड्यांनी इवल्याशा नळीत एक थेंब आला. नळी उलटसुलट करून पाहिली. आत मला काहीच दिसेना. "अहो, रिकामीच पाठवली की!" मी ओरडलो. थेंबात माझा सगळा स्विच-बल्ब होता म्हणे!

आणि मग ती बातमी आली. शनिवारी संचालकबाई येणार. बॅक्टेरिया वाढवायची एक तरी थाळी गुलाबी दिसली नाही, तर वर्ग बंद! दोन वर्षं अर्ज करकरून लेकीने हा वर्ग मिळवलेला. तिचा चेहरा एवढासा झाला.

"मॅडम, मी आहे ना!" मी छाती ठोकून सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचे बारा वाजले. बेकरीवाल्यांनी दर तासाला झाकण उघडून 'फुगतंय का' बघितलं, त्यांच्या थाळीवर हिरवी बुरशी आली. ताईंच्या थाळीवर काहीच उगवलं नाही. पोस्टमास्तरांची थाळी मात्र काठोकाठ भरली! मी टाळ्याच वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय? बॅक्टेरिया मारायचं औषध घालायला विसरले ते," लेक वैतागली. "ज्यांच्यात आपलं कडं गेलंय तेवढेच त्या औषधात तगतात. इथे सगळे फुकटे वाढलेत!"

राहिलो मी एकटा. माझ्या दोन थाळ्या, एक साखरेची आणि एक बिनसाखरेची, तिने नुकत्याच उबदार पेटीत ठेवल्या होत्या. मग तिने माझा कागद जवळजवळ हिसकावून घेतला.

"बाबा! स्विच बल्बच्या नंतर?"

"मग? आधी लावा, नंतर लावा, वायर तीच! दिवा लागतोच."

"हे वायरिंग नाहीये हो! इथे वाचन एकाच दिशेने जातं. स्विचच्या पुढे जे असेल तेच चालू होणार. आणि स्टॉप कुठाय?"

"तो मी गाळला. आपण दिवा लावायला आलोय, थांबवायला नाही."

ती रागावली असती तर परवडलं असतं. ती स्टुलावर बसून राहिली. "जाऊ दे बाबा," एवढंच म्हणाली. लोकांकडे फ्यूज उडाले की मी जातो. इथे मीच लेकीच्या घरचा फ्यूज उडवला होता!

शनिवारी संचालकबाई आल्या. बायकोही आली, मीच बोलावलं होतं, आता काय करणार! लेकीने खाली मान घालून पेटी उघडली. बिनसाखरेची थाळी पांढरी. साखरेची थाळी...

"गुलाबी! अगं गुलाबी!" मी असा ओरडलो की बेकरीवाल्यांनी मला मिठीच मारली. फिकट होती, पण गुलाबी!

लेक थाळीकडे बघत राहिली, मग कागदाकडे. अचानक तिने हवेत बोटाने गोल काढला. "कडं! बाबा, ते गोल आहे! स्विच बल्बच्या नंतर, पण थांबवायला स्टॉपच नाही. म्हणून वाचन अख्ख्या कड्याला वळसा घालून मागच्या बाजूने बल्बपर्यंत पोचलं!"

"वा! म्हणजे हे मुद्दाम केलंत?" संचालकबाईंनी मला विचारलं.

"अर्थात!" मी म्हणालो. लेकीने माझ्या पायावर पाय दिला.

"नाही मॅडम," ती त्यांना म्हणाली. "दोन चुका झाल्या, आणि त्यांनी एकमेकींना सांभाळून घेतलं."

संचालकबाई पोट धरून हसल्या. "ज्या वर्गात चुकासुद्धा इतकं शिकवतात, तो बंद कसा करायचा? आणि हा आराखडा फ्रेम करून भिंतीवर लावा!"

लेकीने सगळ्यांदेखत मला मिठी मारली. मॅडम-बिडम विसरून!

फ्रेम मी स्वतः ठोकली, वर एक छोटा दिवाही बसवला. हिला खास दाखवायला घेऊन गेलो. तिने चष्मा लावला आणि लेकीच्या अक्षरातलं ठळक शीर्षक मोठ्याने वाचलं:

"धडा पहिला. असं करू नये."

"अगं, ते राहू दे," मी म्हणालो. "खाली नाव कुणाचंय ते वाच की!"