घंगाळातले बिऱ्हाडकरू

एका हिवाळ्यात आमच्या नानाकाकांनी साऱ्या घराला सव्वा महिना विहिरीवर, उघड्या वाऱ्यात आंघोळी करायला लावल्या. कारण घरातल्या एकुलत्या एका घंगाळात किडे राहत होते.

हे किडे त्यांनी टिटवाळ्याच्या ओढ्यातून कळशीत घालून कल्याणपर्यंत चालत आणले होते. लांबीला बोटाच्या पेराएवढे. पण प्रत्येकाने वाळूचे कण नि काड्या चिकटवून अंगाभोवती नळी बांधलेली. कुठे जायचं तर नळीसकट. काका त्यांना ‘बिऱ्हाडकरू’ म्हणत. यातून शेवटी काय बाहेर पडतं, एवढंच त्यांना बघायचं होतं.

काका कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. “निकाल लागल्याशिवाय उठायचं नाही,” हे त्यांचं पालुपद. किड्यांना वाहतं पाणी लागतं, म्हणून दिवसभर ते पळीने घंगाळात धार धरून बसत. शेजारच्या सखूताईंना वाटलं, अनुष्ठान चाललंय. त्यांनी भक्तिभावाने मूठभर हळदकुंकू आत सोडलं.

“अहो, मारलंत की त्यांना!” काका ओरडले.

“इश्श! हळदकुंकवानं का देव मरतो, नाना?”

तीन दिवसांत सगळे गेले. एक उरला, त्यानेही नळीचं तोंड आतून बंद करून घेतलं.

“मेला तोही,” आमचं कुटुंब म्हणालं. “अहो, आता तरी सांगा ना त्यांना. पोरं गारठलीत.”

कचेरीत मी चार जणांवर डाफरणारा माणूस. छाती काढून अंगणात गेलो. काकांनी पळी माझ्या हातात दिली. तासभर धार धरून परत आलो.

आणखी दोन आठवडे गेले. एका सकाळी मी पळी घेऊन बसलो होतो, काका शेजारी. नळी फोडून काहीतरी वर आलं. पाण्यावरच त्याने कात टाकली. करडे पंख, लांबलचक मिशा. क्षणभर थरथरलं आणि कौलांवरून निघून गेलं.

“अगं, उडाला!” काका म्हणाले.

अंगणात आम्ही दोघेच होतो. काकू जाऊन सात वर्षं झाली होती.

काका ओशाळले. धोतराच्या सोग्याने उगीच पळी पुसू लागले.

“ओढ्यावर धुणं धुताना तिनं विचारलं होतं रे, यातून काय निघतं हो? मी घाईत. न बघताच म्हणालो, काही नाही, आतच मरतो.”

पळी केव्हाच कोरडी झाली होती.

“तेच खरं धरून गेली ती.”