पाटाच्या भगदाडात बसणारे रेवणअण्णा

पाटाला भगदाड पडलं की लोक माती आणतात, पोती आणतात. आमचे रेवणअण्णा स्वतःच जाऊन त्यात बसतात. खरंच बसतात! धोतर खोचायचं, भोकाला पाठ लावायची आणि ओरडायचं, "माती आना रे, तवर मी हाय!" मातीला उशीर झाला तर भाकरीसुद्धा तिथंच, पाण्यात बसून.

मी आमच्या पाणीवाटप संस्थेचा सचिव, म्हणजे गावभरच्या शिव्या खायचा मानकरी. कुंभारी गावाच्या पुढं आमची ही छोटी योजना. तळ्यातनं मोटारीनं पाणी चढतं आणि पाटानं शेतात जातं. जातं म्हणजे वरच्यांच्या शेतात जातं हो! मधेच कुणी बांध फोडून घेतं, कुणी फोडलेलं बुजवायला 'विसरतं', आणि शेवटच्या रानाला मिळते नुसती ओल. यंदा शेवटचे शेतकरी वैतागले. म्हणाले, ही पाण्याची पाळी पोचली नाही तर आम्ही संस्था सोडतो. ते सुटले, त्यांची पाणीपट्टी बुडाली, की योजनेला कुलूपच.

अण्णांचं रान अगदी पाटाच्या तोंडाशी. त्यांना काय पडलंय? पण माणूस एकाच प्रश्नानं झपाटलेला, "शेवटाला पोचलं का?" शहरात सात रस्त्याजवळच्या मंगल कार्यालयात माझ्या पुतण्याचं लग्न होतं. अक्षता टाकून अण्णा थेट शेवटच्या पंगतीत गेले. "हितं जिलबी पोचली का?" वाढपी दचकला. व्याही मला विचारतात, हे कोण इन्स्पेक्टर? लाज आणली की हो!

बैठकीत त्यांनी ठरावच मांडला. पाणी आधी शेवटच्याला, मग वर वर येत पहिल्याला. काय गोंधळ उडाला म्हणून सांगू!

"आमच्या रानावरनं पानी जानार आन् आमी बगत बसायचं व्हय?" एकजण उसळला.

"बग की," अण्णा म्हणाले. "माजं रान समद्यात वर हाय. मी समद्यांच्या मागनं घेनार."

ठराव पास झाला.

पाळी सुटली. अण्णा सकाळपासनं पाटाच्या कडेनं गळत्या बुजवत निघाले, मागनं मी. त्यांचा कांदा उन्हानं मान टाकत होता. शेवटी माझं डोकं फिरलं. "अण्णा, वेड लागलंय का तुम्हाला? कांदा जाईल!"

"जाऊ दे की." थोडं चालून ते म्हणाले, "शेवटचं रान गंगूचं हाय. धाकटी भन माजी. स्थळ म्याच बगितलं. पाट तवा नवाच झालता. बा म्हनला, कोरडवाहू घरात पोरगी देनार न्हाय. म्या म्हनलं, पान्याखालचं रान हाय, बिनघोर दे."

अण्णांनी पायानं एक ढेकूळ गळतीत दाबलं.

"आजून लोकाच्या रानात खुरपाय जाती. पन मला एका शब्दानं बोलली न्हाय बगा."

मी त्यांच्या हातातनं फावडं घेऊन पुढची गळती बुजवायला वाकलो.

दिवस कलताना पाणी गंगूबाईंच्या रानात शिरलं. गढूळ, पालापाचोळा घेऊन, पण चांगलं भरून. त्या पदर खोचून उभ्याच होत्या. अण्णा त्यांच्याकडे बघेनात. पाण्याकडे बघतच म्हणाले, "गंगे, बाला म्या खोटं न्हवतं सांगितलं गं."

"कोन म्हनलं खोटं?" गंगूबाई म्हणाल्या. "सरीतनं पाय काढ आदी, पानी आडतंय."

अण्णांनी पाय काढला, बांधावर बसले आणि ओक्साबोक्शी रडले.