करारात लाल लिहिलंय

ज्याने कोणी टोमॅटोच्या बियांना ‘लवकर येणारी’ हे विशेषण पहिल्यांदा चिकटवलं, त्याने स्वतः कधी वाफ्यापाशी उकिडवं बसून वाट पाहिलेली नसणार. पाहिली असती तर लाजेने तो शब्द मागे घेतला असता. निदान परिशिष्टरावांचं एकसष्टाव्या दिवशी सकाळी, उकिडव्या अवस्थेत, हे ठाम मत झालं होतं.

परिशिष्टराव हे त्यांचं कचेरीतलं नाव. रेकॉर्ड विभागात पंधरा वर्षं काढलेला हा माणूस रजेच्या अर्जालासुद्धा परिशिष्ट जोडतो (अ, ब, आणि ताप जास्त असेल तर क), म्हणून पडलेलं. घरात मात्र त्यांची ख्याती वेगळी होती. सुरू केलेलं काहीही शेवटाला न नेणारा माणूस. मधमाश्यांची पेटी, अळंबीच्या पिशव्या, माशांची टाकी, सगळं माळ्यावर जाऊन पडलं होतं (मासे सोडून).

त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या दादाने नवी गाडी घेतली आणि ती ठेवायला मागच्या अंगणात सिमेंट घालायचं ठरवलं, तेव्हा धाकटा भाऊ आडवा येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

“तिथे माझा वाफा आहे,” परिशिष्टराव म्हणाले.

“वाफा? चार काड्या आहेत रे त्या.”

“आज सकाळीच लावल्यात. संकरित टोमॅटो. रोप लावल्यापासून पंचावन्न दिवसांत फळ.”

“कोण म्हणतं?”

“पुडी.”

दुकानदाराने मोठ्या पाकिटातून वीस बिया काढून कागदाच्या पुडीत बांधून दिल्या होत्या. पुडीवर पेन्सिलीने ‘लवकर येणारी, ५५’ एवढंच लिहिलेलं. दादा आधी पोटभर हसला, मग थोरला म्हणून जरा विरघळला. “बरं. गवंडी दोन महिन्यांनी येतोय, रविवारी. तोवर एक तरी पिकलेला टोमॅटो दाखव. गाडी मी रस्त्यावर लावीन, पुन्हा विषय काढणार नाही.”

इथे कुठलाही शहाणा माणूस ‘ठीक’ म्हणून मोकळा झाला असता. परिशिष्टरावांनी कागद आणला. ‘पिकलेला’ हा शब्द त्यांना ढिला वाटला. उद्या दादा म्हणेल, कच्चाच आहे. म्हणून त्यांनी तो खोडून स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘पूर्ण लाल’. दोघांच्या सह्या झाल्या. एक प्रत वर, एक खाली, एक फ्रिजच्या दारावर.

रोपं मात्र इमानी निघाली. वेळेवर फुलली, वेळेवर फळली. त्रेपन्नाव्या दिवशी हिरवा रंग पिवळ्यावर गेला, पंचावन्नाव्या दिवशी केशरी झाला. “उद्या लाल,” असं परिशिष्टराव जिन्यात उभं राहून वरच्या मजल्याला ऐकवून आले.

छप्पन्नाव्या दिवशी केशरी. सत्तावन्नाव्या दिवशी केशरी. अठ्ठावन्नाव्या दिवशी एक फळ बोटांना मऊ लागलं आणि परिशिष्टरावांनी बायकोला हाक मारली.

“लाल व्हायच्या आधीच सडायला लागलं गं.”

“अहो, पण वास छान येतोय,” बायको म्हणाली. “एक चिरून बघू का?”

“पुराव्याला हात लावायचा नाही.”

“पुरावा कसला, टोमॅटो आहे तो.”

“रोग आहे. पसरेल.”

हातमोजे घालून त्यांनी ते फळ कुंपणाजवळ पुरलं. दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी पाच. पिकल्या केळ्याच्या सहवासात फळं लवकर रंगतात असं कुठेतरी वाचून उरलेल्या घडाला केळ्यासकट पिशवी बांधली. केळं काळं ठिक्कर पडलं, टोमॅटो ढिम्म. कचेरीतून दिवसातून तीनदा घरी फोन यायला लागला.

“रंग?”

“तोच.”

फोन बंद.

शनिवारी, म्हणजे त्या एकसष्टाव्या दिवशी, पुरून पुरून झाडावर एकच फळ उरलं. बायको बाजारातून आली आणि वाफ्यापाशी त्यांच्या शेजारी बसली. तिच्या एका हातात लालबुंद टोमॅटो होता, दुसऱ्यात हिरवा दोरा.

“बांधून टाकते. भाऊजींना चष्म्याशिवाय काही दिसत नाही.”

परिशिष्टरावांनी तो टोमॅटो हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. मग परत दिला.

“नको. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी अर्ध्यात सोडलेलं नाही. हरलो तर हरलो. पण ते खरं असू दे.”

बायकोने दोरा बोटाला गुंडाळला.

रविवारी आठच्या ठोक्याला गवंडी घमेलं, थापी आणि सिमेंटच्या गोण्या घेऊन हजर झाला. मागोमाग दादा उतरला. चष्मा लावून, करार हातात धरून. गुडघ्यांवर हात टेकून त्याने शेवटचा टोमॅटो सगळ्या बाजूंनी न्याहाळला.

“केशरी आहे रे.”

“हो.”

दादाने पुन्हा वाकून पाहिलं. त्याचा आवाज जरा उतरला होता. “तांबूस म्हणू या का? माझी काही हरकत नाही.”

“करारात लाल लिहिलंय.”

“अरे, मी मान्य करतोय ना.”

“खाली तुझी सही आहे, दादा. माझीही आहे.”

दादाने परिशिष्टरावांच्या बायकोकडे पाहिलं. तिने आकाशाकडे पाहिलं. (या माणसाबरोबर संसार केलेल्या बाईला तिकडेच पाहावं लागतं.)

परिशिष्टरावांनी शेवटचा टोमॅटो तोडला आणि चारही झाडं स्वतःच्या हाताने, मुळांसकट उपटली. दुसऱ्या कोणी उपटलेली त्यांना बघवली नसती. गवंड्याने वाळू-सिमेंटच्या ढिगात खळगा केला, पाणी ओतलं आणि फावड्याने सपासप कालवायला घेतलं. परिशिष्टराव टोमॅटो घेऊन कुंपणाकडे निघाले.

“टाकताय?” गवंड्याने हात पुढे केला. “द्या इकडे.”

त्याने टोमॅटो शर्टाला पुसला आणि अर्धा एका घासात तोंडात टाकला. शांतपणे चावला. हनुवटीवरचा रस बाहीने टिपला.

“गोड आहे हो, साहेब. आमच्या मागच्या दारी हीच जात आहे. पिकली की केशरीच राहते, लाल होतच नाही. आधी बोलायचं ना, आता माल कालवून झालाय.”